सतराच्या पिंजऱ्यात आठ आणि नऊ

माझे सासरे लिफ्ट दुरुस्त करतात. वय चौसष्ट. साठीला कंपनीने त्यांना रीतसर निरोप दिला आणि पुढच्याच सोमवारी परत बोलावून घेतलं, कारण कंपनीच्या अकरा मजली इमारतीतल्या सहा लिफ्टची नाडी दुसऱ्या कुणाला सापडेना. इमारतीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, घरात आम्ही बाबा.

बाबांसोबत राहायचं म्हणजे तोंडातून शब्द तोलून मापून काढावा लागतो. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा सहज म्हटलं, "अंदाजे पाच वाजता येईन." बाबांनी विचारलं, "पाचच्या आधी की नंतर?" मला वाटलं, सासरे खवचट आहेत. तसं काही नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे दार कुणी उघडायचं ते ठरवता आलं असतं. माझा नवरा, म्हणजे त्यांचा मुलगा, कामासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो. त्याला मी म्हणते, तू बाबांपासून पळतोस. तो नाही म्हणत नाही.

सासूबाई कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचा, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षं केलं. त्यांच्या रेघेवर बोट ठेवायला जागा नसे. लग्नाआधी बाबा एकदा तावातावाने ड्रॉइंग ऑफिसात गेले होते, नकाशात वायर चुकीच्या जागी दाखवलीय म्हणून. सासूबाईंनी नकाशा टेबलावर पसरला, पेनाच्या टोकाने वायरीचा माग काढत शेवटापर्यंत नेला आणि विचारलं, "आता सांगा, कुठे चुकलंय?" बाबांनी तो उलटा धरला होता. दीड वर्षाने लग्न झालं.

दोघांचा रविवार ठरलेला. आमच्या पेपरात रविवारी एक मोठं सुडोकू येतं, आठवड्यातलं सगळ्यांत अवघड. साध्या सुडोकूत काही आकडे आधीच भरून दिलेले असतात. यात एकही नसतो. एक्क्याऐंशी रिकामी घरं, आणि ठिपक्याठिपक्यांच्या रेघांनी त्या घरांचे पाडलेले पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्यात कुठेतरी बारीक आकड्यात त्याची बेरीज. बाकी नियम नेहमीचे: आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या प्रत्येक चौकटीत एक ते नऊ आकडे एकेकदाच यायचे. पिंजऱ्यातही आकडा दोनदा यायचा नाही. पेपरात हे सगळं तळहाताएवढ्या जागेत छापतात आणि तो कागद एकदा खोडलं की फाटतो. म्हणून रविवारी सकाळी सासूबाई पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसतात आणि अख्खं कोडं एका मोठ्या जाड कागदावर उतरवून देतात. पेपर संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे जातो आणि तिथून रद्दीत. बाबा कोडं सोडवतात, बहुतेक सोमवारपर्यंत, फार तर मंगळवारपर्यंत. अकरा वर्षांत एकही कोडं अर्धवट राहिलेलं नाही.

त्या आठवड्यात मात्र गाडं अडलं. सोमवारी बाबांनी सगळं खोडून पुन्हा सुरुवात केली. मंगळवारी पुन्हा. बुधवारी जेवताना त्यांना दोनदा हाक मारावी लागली. मी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात दिवा धरून उभी असते, त्यामुळे घरी आल्यावर मला शांतता आवडते. पण ही शांतता काही वेगळीच होती. सासूबाईंनी विचारलं, "अवघड आहे का फार?" बाबा म्हणाले, "कोडं ठीक आहे." त्या वाक्यात मला काहीतरी खटकलं, पण मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा कुणाचीतरी अक्कलदाढ होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर बाबा टेबलाशी एक कोरा कागद घेऊन बसलेले. सासूबाई खाली शिक्षिकेकडे गेल्या होत्या. बाबांनी मला शांतपणे विचारलं, "राजीनाम्यात कारण लिहावं लागतं का?"

"कुणाच्या राजीनाम्यात?"

"माझ्या. सोमवारी देतो."

मग त्यांनी सांगितलं. कोडं सुटत नव्हतं. सहा वेळा अगदी पायरी पायरीने सोडवलं, सहाही वेळा एका ओळीत दोन नऊ आले. एखादी पायरी चुकत असणार आणि ती त्यांना दिसत नव्हती. डोकं चुकतंय, आणि कुठे चुकतंय ते डोक्याला कळत नाही. "लिफ्टच्या नोंदवहीत रोज माझी सही असते," ते म्हणाले. "दोर बरोबर, ब्रेक बरोबर, दारं बरोबर. सही बघून माणसं आत पाऊल टाकतात. ज्याला स्वतःची चूक दिसत नाही त्याने ती सही करायची नसते."

मी म्हटलं, "बाबा, ते पेपरातलं कोडं आहे."

"म्हणून तर बरं झालं," ते म्हणाले. "लिफ्टमध्ये कळलं असतं तर?"

त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, तो टेबलाच्या खणात ठेवला आणि मला बजावलं की मुलाला आणि सासूबाईंना एवढ्यात काही सांगायचं नाही. मी मान डोलावली आणि रात्रभर चरफडत राहिले. चाळीस वर्षं हा माणूस इमाने इतबारे लोकांना वर-खाली नेतो, आणि एक फडतूस कोडं येऊन त्याला घरी बसवणार. मला त्या कोड्याचाच राग आला.

शनिवारी आमचा दवाखाना अर्धा दिवस. मी घरी आले तेव्हा सासूबाई खाली गेलेल्या होत्या. बाबा टेबलाशी बसले होते आणि कोड्याचा कागद पालथा घालून ठेवला होता. मी खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"मला समजावून सांगा. मला यातलं काही कळत नाही असं धरून चाला."

"त्यात धरायचं काय?" बाबा म्हणाले. जरा बरं वाटलं, माणूस अजून पूर्ण हरला नव्हता.

त्यांनी कागद सुलटा केला आणि खालून दुसऱ्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "इथून सुरुवात केली. हा सहाचा पिंजरा, तीन घरं. तीन वेगळे आकडे, बेरीज सहा. कोणते?"

मी बोटांवर मोजलं. "एक, दोन, तीन."

"दुसरं काही जमतं?"

"नाही."

"त्याच्या लगेच उजवीकडे सतराचा पिंजरा. दोन घरं."

"आठ आणि नऊ." मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"म्हणजे या ओळीतला नऊ इथे, या दोन घरांपैकी एकात. हे पक्कं. आता बाकीची घरं भरत गेलं, की डावीकडच्या चौकटीत नऊला एकच जागा उरते." पेन्सिल सरकत डावीकडे गेली आणि थांबली. ती त्याच ओळीत होती.

"एका ओळीत दोन नऊ," मी म्हटलं.

"सहा वेळा," बाबा म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली.

मी म्हटलं, "बाबा, लिफ्ट बंद पडली की तुम्ही आधी काय बघता?"

"वीज येते का."

"येत असेल तर?"

"तर सर्किट मधोमध तपासायचं. इथपर्यंत वीज आली तर बिघाड पुढे, नाही आली तर मागे. मग उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग."

"आणि मिस्त्रीचं डोकं बिघडलंय का, हे कितव्या नंबरवर बघता?"

बाबांनी उठून दुसरी, टोक काढलेली पेन्सिल आणली. मला वाटतं, हे त्यांना आधीच सुचायला हवं होतं आणि सुचलं नाही याचाच त्यांना राग आला होता. त्यांनी कोडं सातव्यांदा सोडवायला घेतलं, पण या वेळी प्रत्येक आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहीत गेले की तो कोणकोणत्या पिंजऱ्यांमुळे आला. लिफ्टच्या वायरींना चिठ्ठ्या बांधतात तसं. मी समोर बसून नुसती बघत होते. पाऊण तासाने पुन्हा ते दोन नऊ समोरासमोर आले, पण आता दोघांच्या शेजारी त्यांचा सगळा इतिहास होता.

डावीकडचा नऊ वरच्या आणि डाव्या बाजूच्या चौदा पिंजऱ्यांमधून आलेला. त्यात सहाचा नाही, सतराचा नाही. उजवीकडचा नऊ एकट्या सतराच्या भरवशावर उभा.

"चौदा साक्षीदार एकीकडे आणि एक एकीकडे," मी म्हटलं. "सतरा चुकलाय."

"घाई करू नकोस. सगळ्या पिंजऱ्यांची बेरीज कर. एका ओळीची बेरीज पंचेचाळीस, ओळी नऊ. चारशे पाच आली पाहिजे. एखादा आकडा उतरवताना चुकला असेल तर बेरीज बोलेल."

मी बेरीज केली. तीनशे शहाण्णव आली. मी विजयी मुद्रेने सांगितलं. बाबा कागदाकडे न बघता म्हणाले, "एक नवाचा पिंजरा राहिला तुझा." आणि खरंच राहिला होता, वरच्या कोपऱ्यात. तो धरून बरोबर चारशे पाच.

बाबांचा चेहरा उजळला. पाच दिवसांत पहिल्यांदाच. "बघ, आकडे सगळे जागच्या जागी आहेत. तिनं बरोबर उतरवलंय."

इथे माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाबा, आकडे बरोबर आहेत हे कळलं. पण रेघांचं काय?"

"रेघा तुझ्या सासूबाईंनी काढल्यात."

"म्हणून?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कोडं नव्हतं, काही नव्हतं. टेबलाला चार पाय आहेत म्हणून? असं कुणी विचारलं तर माणूस बघेल तसे ते माझ्याकडे बघत होते. मला शुक्रवारी कळलं नव्हतं ते आता कळलं. या माणसाने आठवडाभर प्रत्येक गोष्टीवर शंका घेतली होती, नऊवर, सतरावर, शेवटी स्वतःच्या मेंदूवर. फक्त त्या पेन्सिलीच्या ठिपक्यांवर घेतली नव्हती.

मी आवाज खाली आणला. "मला एक सांगा. हा रविवारचं कोडं करणारा माणूस नेहमी इतका दिलदार असतो का? आठवड्यातलं सगळ्यांत अवघड कोडं, आणि सुरुवातीलाच एका ओळीतली पाच घरं आंदण दिली. माझ्यासारखीला बोटांवर जमली."

बाबांनी ती पाच घरं पेन्सिलीने पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाले, "नसतो." त्यांनी खोडरबर उचललं. सहाच्या आणि सतराच्या पिंजऱ्यांमधली नखाएवढी ठिपक्यांची रेघ पुसली आणि एक घर डावीकडे काढली. त्यांचा हात एवढा सावकाश चाललेला मी कधी पाहिला नव्हता.

"आता सहाचा पिंजरा दोन घरांचा आणि सतराचा तीन घरांचा," ते म्हणाले. "पाच घरांची बेरीज तेवीसच राहते, त्यामुळे एकूण बेरजेत ही चूक कधीच पकडली गेली नसती. दोन घरांत सहा कसे होतील?"

"तीन आणि तीन."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"एक-पाच किंवा दोन-चार," मी घाईघाईने म्हटलं.

"आणि सतराला आता नऊ घेण्याची सक्ती नाही." डावीकडचा नऊ आपल्या जागी बसला. त्याच्याशी भांडायला ओळीत कुणी नव्हतं. मग एक-पाच की दोन-चार हे तिथल्या उभ्या ओळीने ठरवलं, त्याने शेजारच्या चौकटीतला सात मोकळा केला, सातने दोन आठांना जागा दाखवली, आणि पुढे पुढे बाबांची पेन्सिल नुसती चालत राहिली. कुठेही अंदाज नाही, कुठेही खोडाखोड नाही. चाळीस मिनिटांत एक घर उरलं. ते त्यांनी मला भरायला दिलं. मी चार लिहिला. मला इतका आनंद झाला की विचारू नका, जणू सगळं मीच सोडवलं होतं.

"झालं," मी म्हटलं. "डोकं शाबूत आहे. फाडा तो राजीनामा."

बाबा हसले नाहीत. ते त्या नव्या रेघेकडे बघत होते. "तिची रेघ कधी चुकत नाही," ते म्हणाले. "तिला दिसलंच नसेल."

तेव्हा माझ्याही डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. गेल्या महिन्यात सासूबाईंनी सुईत दोरा मला ओवायला लावला, कंटाळा आलाय म्हणाल्या. औषधाच्या बाटलीवरची तारीख माझ्याकडून वाचून घेतली, चष्मा कुठेतरी राहिलाय म्हणून, आणि चष्मा होता डोळ्यांवर. मी डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाल्या होत्या, "माझ्या डोळ्याला कुणी सुरी लावायची नाही." मी हसण्यावारी नेलं. त्यांचा आवाज घाबरलेला होता, हे मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. अशी मी शहाणी.

"तिला सांगू, पेपरवाल्यांनीच चूक छापली," बाबा म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. पाचच्या आधी की नंतर विचारणारा माणूस खोटं बोलायला निघाला होता. मी काही म्हणणार तोच दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या.

"सुटलं का?"

"सुटलं," बाबा म्हणाले. "त्याचं काय झालं, की पेपरवाल्यांनी..." आणि थांबले. कान लालबुंद. या वयात नवा धंदा सुरू करणं सोपं नसतं.

सासूबाईंनी कागद उचलला, खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला, तिरका केला. मग बोटाने चाचपल्यासारखी ती जागा शोधली. खोडलेला कागद जरा खरखरीत लागतो. "ही रेघ तुम्ही सरकवलीत."

"हो."

"पेपरवाल्यांनी काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला तिथे ठिपके दिसतच नव्हते. तीनदा पाहिलं. शेवटी असेल इथे म्हणून काढली." जरा थांबून म्हणाल्या, "चार दिवस उशीर झाला असेल फार तर. त्यात एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे?"

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना दोष आहे. मी टेबलाच्या खणातून राजीनामा काढला आणि त्यांच्या हातात दिला. बाबांनी हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

सासूबाईंनी तो जवळ धरला, मग लांब धरला. मग मला परत दिला. "तूच वाच."

मी वाचला. दोनच ओळी होत्या. "माझ्या बुद्धीवर माझा स्वतःचा विश्वास उरलेला नाही. अशा माणसाच्या हाती इतरांचा जीव असू नये, म्हणून मला सोमवारपासून कामातून मोकळं करावं." खाली सही, नोंदवहीत करतात तशीच स्पष्ट.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "या एका रेघेपायी?"

"मला ठाऊक नव्हतं ना रेघ आहे ते," बाबा म्हणाले. "मी सगळं तपासलं होतं."

"सगळं तपासलंत. माझी रेघ तपासलीत?"

"नाही."

"का नाही?"

"ती कशाला तपासायची?" बाबा म्हणाले.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या लपवायला गेल्या नाहीत. मलाही आवरेना, आणि मी काही हळवी म्हणून प्रसिद्ध नाही. माझ्यावर कुणी इतका भरवसा ठेवला तर मला पेलेल का, असा विचार मनात आला आणि माझ्या बाहेरगावी असलेल्या नवऱ्याची एकदम आठवण झाली. मग सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, राजीनाम्याची घडी घालून तो आपल्या पर्समध्ये ठेवला आणि मला विचारलं, "ते डोळ्यांचे डॉक्टर शनिवारी किती वाजेपर्यंत असतात?"

"सातपर्यंत."

"मग चला. पण लिफ्टनं नको, जिन्यानं जाऊ. तेवढीच मनाची तयारी होईल."

चार मजले आम्ही तिघं जिन्याने उतरलो. बाबा त्यांच्या एक पायरी पुढे होते आणि प्रत्येक वळणावर मागे न बघता सांगत होते, "इथे वळायचं. आता नऊ पायऱ्या." सासूबाई त्या जिन्याने एकतीस वर्षं चढ-उतार करत आल्या आहेत. मला माहीत आहे, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.